पाण्यांतील वनस्पति आणि दिव्याचा उजेड

कांचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस आतां खेड्यापाड्यांतही दिसूं लागली आहे. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून तेथील मासे पाहून आलेल्या कित्येक मुलांनीं घरीं येऊन वडिलांपाशीं पेटीचा हट्ट धरला असेल. धानोऱ्यासही हा हट्ट आतां पुरवितां येतो. परंतु मासे व रंगीत खडे निवडण्यांत जितका वेळ जातो, त्याचा चौथा हिस्साही दिवा निवडण्यांत जात नाहीं. पेटींत खऱ्या वनस्पति लावावयाच्या असतील तर सारा खेळ या दिव्यावरच अवलंबून असतो.

आमच्या शाळेंतील पेटीची हकीकत प्रथम सांगणें बरें. दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी ती पेटी. तींत सुमारें साठ लिटर पाणी मावतें. आम्हीं तींत हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया लावून आठ गप्पी मासे सोडले. उजेड जितका अधिक तितकें झाड सुखी, या समजुतीनें भला मोठा दिवा बसविला, पेटी खिडकीशीं ठेविली आणि दिवा पहांटेपासून रात्रीपर्यंत जळूं दिला. तिसऱ्या आठवड्यांत पाणी पालेभाजीच्या रसासारखें हिरवें झालें. घाबरून आम्हीं पेटीवर गोणपाट टाकलें व आठवडाभर तें काढलें नाहीं. अंधारांत शेवाळ मेलें, पानेंही कुजलीं, आणि त्या कुजण्यांत पाण्यांतील प्राणवायु खर्च झाला. एके सकाळीं सर्व मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडझांप करीत होते. दुपारपर्यंत त्यांतील पांच गेले. दोन्ही चुका आमच्याच होत्या, आणि दोन्ही प्रकाशाच्या अज्ञानांतून झाल्या.

पाण्यांतील पान प्रकाशांत बुडबुडे सोडतें व अंधारांत तें थांबतें, हें यान इंगेनहाउस या डच वैद्यानें १७७९ सालीं दाखविलें. हे बुडबुडे प्राणवायूचे असतात. पुढें १८८२ सालीं एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानें लोलकांतून निघालेला सप्तरंगी पट्टा शेवाळाच्या एका तंतूवर पाडला. पाण्यांत प्राणवायुप्रिय जंतु सोडलेले होते. ते तांबड्या व निळ्या भागांतच गर्दी करून जमले. यावरून हरितद्रव्यास कोणते रंग विशेष मानवतात तें कळलें. हिरवा प्रकाश अगदींच वायां जातो असें मात्र नाहीं. त्याचाही कांहीं अंश पान वापरतें. म्हणून बाजारांत मिळणाऱ्या जांभळ्या दिव्यांच्या मागें लागण्याचें कारण नाहीं. साधा पांढरा प्रकाश पुरतो, आणि त्यांत माशांचे रंगही खरे दिसतात.

दिव्याच्या खोक्यावर वॅट, ल्युमेन व केल्विन असे आंकडे असतात. वॅट म्हणजे विजेचा खर्च; उजेड किती पडेल तें त्यावरून कळत नाहीं. जुना तारेचा दिवा आपली बहुतेक शक्ति उष्णतेंत घालवितो, म्हणून तो येथें निरुपयोगी. ल्युमेन हें माप मनुष्याच्या डोळ्यासाठीं बसविलेलें आहे, आणि आपल्या डोळ्यास हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत तीव्र भासतो. यास्तव झाडाच्या दृष्टीनें तें अपुरें आहे. तथापि पांढऱ्या दिव्यांची आपसांत तुलना करण्यास तें चालतें. केल्विनचा आंकडा ६५०० च्या आसपास असल्यास प्रकाश दिवसासारखा दिसतो.

साध्या वनस्पतींस दर लिटरामागें १० ते २० ल्युमेन हा ढोबळ हिशेब ठीक आहे. आमच्या पेटीस ६०० ते १,२०० ल्युमेन हवे होते, आणि ते सुमारें दहा वॅटच्या एल्ईडी नळींतून मिळतात. याहून प्रखर दिवा लावल्यास झाडांस कर्बवायु व खतेंही त्याच मानानें द्यावीं लागतात. तीं न मिळाल्यास झाड वाढत नाहीं, आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ मेजवानी झोडतें. पेटी खोल असेल तर तळाशीं उजेड कमी पोंचतो, हेंही ध्यानांत असावें.

वेळेचें महत्त्व तीव्रतेइतकेंच आहे. प्रारंभीं रोज सहा तास, झाडें रुजल्यावर फार तर आठ. घड्याळाचें बटण स्वस्त मिळतें, तें लावावें. सुटीच्या दिवशीं मुलांच्या स्मरणावर विसंबूं नये. वीज गेल्यानें तें घड्याळ मागें पडतें, म्हणून अधूनमधून जुळवावें. खिडकींतील ऊन मोजतां येत नाहीं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. सबब पेटी उन्हापासून दूरच बरी.

पालकांस एक विनंति. पाण्यावर विजेचा दिवा टांगणें हें पोरखेळाचें काम नव्हे. तार पेटीखालीं लोंबती ठेवून मग वर खुंटीकडे न्यावी, म्हणजे ओघळलेलें पाणी खुंटींत शिरत नाहीं. हात पाण्यांत घालण्यापूर्वीं खुंटी काढावी, आणि विद्युत्स्रावाबरोबर प्रवाह तोडणारें यंत्र घरांत नसल्यास तें प्रथम बसवावें, मासे मागाहून आणावे.

आमची पेटी आतां खिडकीपासून हलविली आहे, व दिवा सकाळीं दहापासून सात तास जळतो. दुपारीं हायड्रिलाच्या तुटलेल्या टोंकांतून बुडबुड्यांची माळ वर येते. नववीचीं मुलें मिनिटास किती बुडबुडे निघतात तें मोजतात. दिवा वीतभर वर उचलला कीं आंकडा उतरतो, अशी त्यांच्या वहींत नोंद आहे.