चिक्कीचा पाक
शेंगदाण्याच्या चिक्कीत खरे कसब पाकाचे. बंगळुरूत हिला कडलेकाई मिठाई म्हणतात, आणि यशवंतपुरातल्या घरात ती करायला मंड्याकडचा गूळ हाताशी असतो. दोन वाट्या दाणे खमंग भाजून, सोलून, पाखडून घ्यावेत. दीड वाटी चिरलेला गूळ चमचाभर तुपात मंद आचेवर वितळवून सतत ढवळावा. पाकाचा थेंब गार पाण्यात पडताच कडक होऊन कटकन मोडला पाहिजे. ही पारख घाईने करू नये. पाकात पाणी उरले तर चिक्की दाताला चिकटते. १५० अंश सेल्सिअसच्या आसपास ते जवळजवळ सगळे उडून जाते. मग दाणे घालून तूप लावलेल्या पोळपाटावर लगेच पातळ लाटावे, गरम असतानाच वड्या कापाव्यात. दमट हवेत चिक्की मऊ पडते, म्हणून डबा घट्ट झाकणाचा हवा.