खालच्या मजल्यावरचे न्हाणीघर : सोय मोठी, पण पारखून घ्यावी

अमळनेर, प्रतिनिधी

घर पाहावयास गेलेले कुटुंब आधी दिवाणखाना पाहते, मग स्वयंपाकघराचा ओटा आणि त्यानंतर गच्ची. न्हाणीघराचे दार उघडले जाते ते सर्वांत शेवटी, आणि तेही फरशीचा रंग पाहण्यापुरते. प्रत्यक्षात घरात राहावयास गेल्यावर ज्या जागेवाचून एक दिवसही निभत नाही, ती हीच. धुळे रस्ता, ढेकू रस्ता, पिंपळे रस्ता अशा बाजूंनी अमळनेर शहर वाढत असताना दुमजली रो-हाउस आणि जुळे बंगले मध्यमवर्गाच्या आवाक्यातील पर्याय ठरले आहेत. अशा घरात न्हाणीघर व शौचालय खालच्या मजल्यावर असावे की वरच्या, हा प्रश्न वरवर किरकोळ भासतो. पण पुढील वीस-पंचवीस वर्षे ते घर घरातील कोणाकोणाला वापरता येईल, हे त्यावरच ठरते.

मागच्या अंगणातून घरात

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत आणि वाड्यांत हा प्रश्नच नव्हता. मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणि संडास मागील बोळात, घरापासून शक्य तितका दूर. तो मैला माणसांकडून उचलून नेला जाई. या अमानुष प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुढे अधिक कडक स्वरूपात २०१३ मध्ये केंद्राने कायदा केला. सिमेंटचा स्लॅब, गच्चीवरील टाकी आणि सांडपाण्याची नळी आल्यानंतर शौचालय घरात आले व मग वरच्या मजल्यावरही चढले. शयनकक्षाला जोडलेले न्हाणीघर प्रतिष्ठेचे झाले, तेव्हा खालच्या मजल्याच्या वाट्याला अनेकदा जिन्याखालची उरलेली जागाच आली.

फायदे कोणते?

पहिला आणि सर्वांत मोठा फायदा ज्येष्ठांचा. गुडघेदुखी, मधुमेह वा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीला रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते. प्रत्येक वेळी अर्धवट झोपेत जिना चढणे-उतरणे म्हणजे पडण्याला निमंत्रण. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर कित्येकांचे स्वतंत्रपणे हिंडणे-फिरणे कायमचे थांबते. खाली एक खोली व तिच्याजवळ न्हाणीघर असेल, तर आई-वडिलांना मुलांकडे येऊन राहता येते. शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण, बाळंतीण आणि पाय मोडलेला तरुण यांनाही हीच जागा उपयोगी पडते.

दुसरा फायदा पाण्याच्या दाबाचा. दाब हा टाकीच्या उंचीवर अवलंबून असतो. दर दहा मीटरला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. गच्चीवरील टाकीपासून वरच्या मजल्याचा नळ जेमतेम दोन-तीन मीटर खाली असतो, तर तळमजल्याचा पाच-सहा मीटर. त्यामुळे खालच्या न्हाणीघरात दाब जवळपास दुप्पट मिळतो. वर मात्र शॉवर मंद पडतो आणि गीझरलाही पुरेसा दाब मिळत नाही.

शिवाय पाहुण्यांची सोय आहे. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा आणि लग्नसराईत घरोघरी माणसांची वर्दळ असते. खाली सोय असली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला शयनकक्षातून जावे लागत नाही.

अडचणी कोणत्या?

खालच्या न्हाणीघराचे बहुतेक दोष एकाच गोष्टीतून उद्भवतात. पाण्याला बाहेर जाण्यासाठी उतार लागतो आणि तळमजल्यावर उताराला वाव कमी असतो. चार इंची नळीला साधारणपणे चाळीस ते साठ फुटांमागे एक फूट उतार द्यावा लागतो. घर चाळीस फूट खोल असून शौचालय मागे व गटार पुढे असेल, तर आठ ते बारा इंच उंची नुसत्या नळीतच खर्ची पडते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट उंच हवे. परंतु रस्त्यावर काँक्रीटचे थरावर थर चढत जातात आणि काही वर्षांत तेच जोते रस्त्याच्या पातळीला येते. मग जोराच्या पावसात गटार तुंबले, की पाणी बाहेर जाण्याऐवजी शौचालयाच्या भांड्यातून आत येते. नदीकाठच्या किंवा सखल भागातील घर घेताना हा धोका अधिक धरावा.

जिन्याखालच्या शौचालयात ही अडचण दुप्पट होते. मजल्याची उंची दहा फूट धरली, तर जिन्याचा मधला टप्पा पाच फुटांवर येतो. त्याखाली माणूस सरळ उभा राहू शकत नाही. संहितेप्रमाणे न्हाणीघराची उंची किमान २.१ मीटर, म्हणजे सुमारे सात फूट असावी लागते. ती साधण्यासाठी काही बांधकामांत शौचालयाची जमीनच एक-दोन फूट खाली घेतली जाते. डोके वाचते, पण भांडे बाहेरच्या चेंबरच्या पातळीला येते किंवा त्याहूनही खाली जाते. घरात उतरत्या पायऱ्यांचे शौचालय दिसले, तर ग्राहकाने तेथेच थांबून चौकशी करावी.

तिसरी अडचण जमिनीची. तापी खोऱ्यातील काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. पक्क्या थराशिवाय टाकलेल्या नळ्यांचे सांधे त्यामुळे निखळतात. गळती फरशीखाली होत असल्याने ती दिसत नाही. भिंतीला कमरेपर्यंत ओल चढून चुना सुटू लागतो, तेव्हाच कळते.

चौथी अडचण आरोग्याची आहे. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे आपल्याकडे अनेक घरांच्या पुढील अंगणात जमिनीखाली साठवण टाकी असते. भुयारी गटार नसलेल्या वसाहतीत त्याच चिंचोळ्या अंगणात सेप्टिक टँकही असतो. दोन्ही शेजारी-शेजारी आल्या आणि एकीला तडा गेला, तर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. कावीळ व विषमज्वराचा हा ओळखीचा मार्ग आहे. शोषखड्डा विहीर किंवा कूपनलिकेपासून किमान १८ मीटर दूर असावा, असा मानक संकेत आहे. लहान प्लॉटवर तो पाळला जाणे कठीण, म्हणून शेजारच्या प्लॉटवरील कूपनलिकाही पाहून घ्यावी.

आणि न्हाणीघर फक्त खालीच असेल, तर? चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात खानदेशातील कित्येक कुटुंबे गच्चीवर झोपतात. तेथून मध्यरात्री दोन मजले उतरणे लहान मुलांना व वृद्धांना सोपे नाही.

विकत घेण्यापूर्वी काय पाहावे?

चेंबरचे झाकण उघडावयास सांगून दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. ते क्षणात वाहून गेले पाहिजे. शौचालयाची जमीन रस्त्यावरील चेंबरच्या झाकणापेक्षा उंच आहे याची खात्री करावी. शक्य झाल्यास घर पावसाळ्यात पाहावे, अन्यथा शेजाऱ्यांना मागील पावसाळ्याविषयी विचारावे.

एक भिंत बाहेरच्या हवेला लागून असावी. खिडकीजवळ उदबत्ती धरल्यास धूर बाहेर जातो की आत घुटमळतो, हे लगेच समजते. संहितेतील मापे ध्यानात ठेवावीत : स्वतंत्र शौचालय किमान १.१ चौरस मीटर, स्वतंत्र न्हाणीघर १.८ आणि दोन्ही एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर. ज्येष्ठांसाठी दार बाहेर उघडणारे हवे. आतील माणूस दारामागे पडला, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी ९० सेंटिमीटर रुंदी, उंबऱ्याऐवजी हलका उतार, खरबरीत फरशी आणि कमोडशेजारी आधाराचा दांडा या गोष्टी बांधकाम चालू असतानाच करून घेणे स्वस्त पडते.

वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी दिशेचा विचार सौदा ठरण्यापूर्वी करावा. ईशान्येचे शौचालय मागाहून दुसरीकडे हलविताना नळीची लांबी वाढते, उतार बिघडतो आणि नवा दोष निर्माण होतो.

कागदपत्रांत मंजूर नकाशा पाहावा. नकाशात जिन्याखाली कोठीघर आणि प्रत्यक्षात शौचालय, असे असू नये. प्रकल्पाची महारेरा नोंदणी असल्यास ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून देणे २०१६ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. मात्र, ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन अथवा आठपर्यंत घरे असलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही आणि लहान शहरांतील अनेक रो-हाउस याच मर्यादेत बसतात. तेथे गळती व सांडपाण्याची हमी करारनाम्यातच लिहून घेणे शहाणपणाचे.

निवड कशी करावी?

दोन्ही मजल्यांवर सोय असल्यास उत्तमच. एकाचीच ऐपत असेल, तर ते खाली असावे. कारण वर न्हाणीघर नसणे ही गैरसोय आहे, तर खाली नसणे म्हणजे घरातील वृद्धाला घर बंद होणे आहे. वरच्या मजल्यावर पुढे न्हाणीघर वाढविता यावे, यासाठी नळ्यांची जागा आताच सोडून ठेवता येते. परंतु जिन्याखालचे, खिडकी नसलेले, रस्त्याहून खोल गेलेले शौचालय दाखवून कोणी ‘खाली सोय आहे’ असे म्हणत असेल, तर ती सोय मानू नये. त्या घराची किंमत तेवढ्याने कमी धरावी. घर आज तिशी-चाळिशीतील माणूस विकत घेतो आणि कर्ज फिटेपर्यंत तो साठीला पोहोचतो. आई-वडिलांसाठी पाहिलेले न्हाणीघर अखेरीस त्याच्याच उपयोगी पडणार असते.