ट्यूनर कार्ड बिघडलेलं नसतं तेव्हा

भिवंडीत संगणकावर टीव्ही दिसेना झाला की पहिला दोष शेजारच्या लूमवर जातो. पण यंत्रमागाच्या इंडक्शन मोटरला ब्रशच नसतात, त्यामुळे ती फिरताना ठिणग्या उडत नाहीत. ठिणग्या उडतात त्या स्टार्टरच्या झिजलेल्या संपर्कांत, सैल जोडणीत किंवा मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटरीत. अॅनालॉग चित्रावर त्या तुटक ठिपक्यांच्या आडव्या रेषा उमटवतात. चित्राशेजारी त्याचीच फिकट सावली दिसली, तर कारण वेगळं: इमारतीवर आपटून उशिरा पोहोचलेला सिग्नल. इथे अँटेना वळवावा लागतो.

‘एकही चॅनेल सापडत नाही, म्हणजे कार्ड गेलं.’ बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं, प्रक्षेपण बदललेलं असतं. देशभरातलं केबल 2012 ते 2017 दरम्यान टप्प्याटप्प्याने डिजिटल झालं. दूरदर्शननेही 2016 मध्ये मुंबईसह 16 शहरांत डीव्हीबी-टी2 पद्धतीचं प्रक्षेपण सुरू केलं. जुन्या अॅनालॉग ट्यूनरला यातलं काहीच उलगडत नाही. सेट-टॉप बॉक्सची पिवळी वायर कार्डाच्या व्हिडिओ इनपुटला जोडा, सॉफ्टवेअरमध्ये ‘कंपोझिट’ आणि ‘पाल’ निवडा. चुकून ‘एनटीएससी’ राहिलं, तर चित्र कृष्णधवल दिसतं किंवा वरखाली फिरत राहतं.

बूस्टरवरचा भरवसाही फसवा आहे. लांब वायरीतून येता येता सिग्नल क्षीण झाला असेल, तर टोकाला लावलेला बूस्टर मुंग्याही तितक्याच वाढवतो. तो अँटेनाजवळ हवा. वायरीला दोन फाटे फोडणारा स्प्लिटर प्रत्येक बाजूला जेमतेम निम्मीच शक्ती देतो, तेव्हा आधी तो काढून पाहावा.

सगळ्यात जास्त मनस्ताप रेकॉर्डिंग अर्ध्यात तुटण्याचा. लोक लगेच नवी हार्डडिस्क आणतात. सिनेमा दर वेळी साधारण त्याच जागी थांबत असेल, तर डिस्क कशी फॉरमॅट केली आहे ते आधी तपासा. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. सेकंदाला 6 मेगाबिट वेगाने रेकॉर्डिंग केलं, तर ती मर्यादा सुमारे दीड तासात येते, म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाच्या नेमकी मध्यंतराला. एनटीएफएसमध्ये ही अडचण नाही. मात्र फॉरमॅट करण्याआधी जुन्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, नाहीतर त्या पुसल्या जातील.

आवाज हळूहळू मागे पडत जातो, त्याचा दोष स्पीकरला देऊ नका. चित्र कार्डातून आणि आवाज साउंड कार्डातून आला की दोघांची घड्याळं किंचित वेगळ्या वेगाने चालतात. सॉफ्टवेअरमध्ये आवाज चित्राशी जुळवून घेण्याची सोय असेल, तर ती चालू करावी.

हेच जुनं कार्ड लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकात उतरवायला अजून उत्तम चालतं. हलत्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले, तरी कॅसेट खराब समजू नका. पालमध्ये प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं, म्हणून ‘डीइंटरलेस’ करावं. प्रत्येक कॅसेटवर मुंग्या येत असतील, तर आधी व्हीसीआरचं हेड साफ करून घ्या.