‘मलकपेठ’ किती अक्षरांचे? : संकेतस्थळ घडवू पाहणाऱ्या मराठी नवशिक्यांच्या अडचणी

हैदराबादेत संगणकाचे शिक्षण घ्यायचे म्हटले की अमीरपेठेचे नाव निघते. पण आमच्या मलकपेठेपासून दिलसुखनगरापर्यंतच्या रस्त्यावरही शिकवणीच्या पाट्या काही कमी नाहीत. नांदेड-परभणीकडची मुले काचीगुड्याला उतरतात आणि या भागात खोल्या घेऊन राहतात. त्यांतली काही आमच्या महाविद्यालयात मराठी हा विषय घेतात आणि संध्याकाळी संकेतस्थळे बनवायला शिकतात. कोड लिहिता येऊ लागला की त्यांना गावच्या वाचनालयाचे, वडिलांच्या दुकानाचे किंवा आजोबांच्या कवितांचे पान करावेसे वाटते. मराठी मजकूर आला की अडचणी सुरू होतात. शिकवणीतले उत्तर ठरलेले असते, ‘इंग्रजीत लिहा, चालेल.’ मग ती मुले मराठीच्या बाईंकडे येतात. साहित्याच्या प्राध्यापिकेने सर्व्हर आणि ब्राउझर यांच्याविषयी लिहावे याचे कुणाला नवल वाटले, तर त्याचे कारण हे आहे. आपल्या वाचकांपैकीही अनेकांनी संस्थेचे किंवा नियतकालिकाचे संकेतस्थळ कुणाकडून तरी करून घेतले असेल. त्यात नेमके काय बिघडते, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

पहिला घोटाळा मराठीचा नाही, जागेचा आहे. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषा १९९५ साली लोकांसमोर आल्या आणि नवशिका त्या बहुधा एकाच फाइलमध्ये, एकीखाली एक लिहितो. त्यामुळे दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी चालतात असा त्याचा समज होतो. छापखान्याचा दाखला घेतला तर हे लवकर कळते. हस्तलिखिताच्या समासात आपण जुळाऱ्यासाठी सूचना लिहितो : येथे रेघ द्या, हा परिच्छेद ठळक करा. जुळारी त्या पाळतो. छापील पुस्तकात सूचना उरत नाही, तिचा परिणाम उरतो. पीएचपीचे तसेच आहे. ती सर्व्हरवर, म्हणजे छापखान्यात वाचली जाते आणि वाचकाच्या ब्राउझरकडे फक्त तयार पान जाते. जावास्क्रिप्ट ही पुस्तकातच छापलेली, वाचकासाठीची सूचना आहे. कोड्याच्या पुस्तकात ‘उत्तरासाठी पान उलटा’ असते ना, तशी. ती वाचकाच्या घरी पाळली जाते.

हे समजले की निम्म्या तक्रारी मिटतात. ‘सर, पान कोरे दिसते’ म्हणणाऱ्याने पीएचपीची फाइल नुसती दोनदा टिचकी मारून उघडलेली असते, म्हणजे हस्तलिखित छापखान्यात न देता थेट वाचकाच्या हाती ठेवलेले असते. ‘वाचकाने बटण दाबल्यावर जावास्क्रिप्टमधला आकडा वरच्या पीएचपीला का मिळत नाही?’ कारण पुस्तक छापून बाहेर पडलेले आहे. आता छापखान्याला काही सांगायचे तर वाचकाला नवे पत्र धाडावे लागते, म्हणजे सर्व्हरकडे नवी विनंती पाठवावी लागते. आणखी एक गमतीची चूक नेमाने घडते. मुलगा स्वतःच्या संगणकावर केलेल्या पानाचा ‘लोकलहोस्ट’ने सुरू होणारा पत्ता मित्राला पाठवतो आणि मित्राला काहीच दिसत नाही. लोकलहोस्ट म्हणजे ‘आपले घर’. पाकिटावर पत्ता म्हणून ‘आपले घर’ एवढेच लिहिले, तर घेणारा स्वतःच्याच घरात शोधणार.

जागेचा हाच घोटाळा अर्ज तपासताना अंगाशी येतो. अर्जातली नावे, फोन, ईमेल नीट भरले आहेत का, हे ब्राउझरमध्येच तपासले की काम झाले असे नवशिक्याला वाटते. ती तपासणी भरणाऱ्याच्या सोयीची असते. तिला पहारा समजू नये. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट कुणीही बंद करू शकतो, ब्राउझर न वापरताही सर्व्हरकडे हवे ते पाठवू शकतो. तेव्हा तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते, आणि आलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत जसाच्या तसा जोडायचा नसतो, हेही तेव्हाच शिकून घ्यावे.

तपासायचे काय, हा खरा मराठी प्रश्न. एका विद्यार्थ्याने ‘नाव फक्त मराठीत लिहा’ असा नियम केला आणि त्यासाठी ‘अ ते ह’ ही मर्यादा घातली. कमल, मदन, शरद यांचे अर्ज गेले. रमा, गोविंद, सुनीता यांना मात्र ‘नाव चुकीचे आहे’ असे उत्तर मिळाले. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ही स्वतंत्र चिन्हे आहेत आणि ती ‘अ ते ह’ या पट्ट्याच्या बाहेर बसतात. पाणिनीच्या प्रत्याहारांसारखी युक्ती करायला गेले की आधी वर्णक्रम पाहावा लागतो, तसेच हे आहे. देवनागरीचा युनिकोडमधला सबंध विभाग १२८ जागांचा आहे. मर्यादा त्या विभागाची घालावी.

अंकांचे दुखणे आणखी बेमालूम. ग्रंथालयाच्या यादीत किंमत ‘१२५’ अशी देवनागरीत लिहिली. जावास्क्रिप्टला ती संख्येत बदलायला सांगितली, तर ती ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. पीएचपीला सक्तीने पूर्णांक करायला सांगितले, तर ती शून्य देते आणि गप्प बसते. मला पहिली वागणूक बरी वाटते. चूक निदान दिसते तरी. दुसरीत वर्षअखेरीच्या बेरजेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. देवनागरी अंक आत घेताना रोमन अंकांत बदलून साठवावेत आणि दाखवताना पुन्हा देवनागरी करावेत.

आता लेखाच्या शीर्षकाकडे येते. महानुभावांचे ग्रंथ कित्येक शतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत होते. शब्द मराठीच होते, पोथ्या धड होत्या. किल्ली हाती नसलेल्याला मात्र ती निरर्थक चिन्हे वाटत. संगणकातला मजकूर नेहमीच अशा स्थितीत असतो. तेथे अक्षरे नसतात, बाइट नावाचे आकडे असतात, आणि ते कोणत्या किल्लीने वाचायचे हे सांगावे लागते. आज सर्वत्र चालणारी किल्ली म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तिची रचना केली. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन.

म्हणून ‘मलकपेठ’ किती अक्षरांचे, याला तीन उत्तरे आहेत. माणूस म्हणेल पाच : म, ल, क, पे, ठ. जावास्क्रिप्ट म्हणेल सहा, कारण ‘प’वरची मात्रा ती वेगळी मोजते. पीएचपीची लांबी मोजायची साधी आज्ञा म्हणेल अठरा, कारण ती बाइट मोजते. ‘ज्ञानेश्वरी’चे हेच आकडे चार, अकरा आणि तेहेतीस. त्यामुळे एकाच अर्जात ब्राउझर ‘नाव मर्यादेत आहे’ म्हणतो आणि सर्व्हर ते लांब ठरवतो. त्याहून वाईट म्हणजे सर्व्हर बातमीचा सारांश ‘पहिले शंभर’ म्हणून कापतो आणि सुरी तीन बाइटांच्या मधोमध पडते. शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते ते यामुळे. बहुबाइट मजकुरासाठी पीएचपीत वेगळ्या आज्ञा आहेत, त्याच वापराव्यात. आणि त्यांनीही जोडाक्षर मधेच तुटू शकते, म्हणून सारांश शब्दाच्या शेवटी कापणे चांगले.

किल्ली चुकली की पान कसे दिसते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्या मागे चलनाचे एक गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह. हा गोंधळ यादृच्छिक नाही. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट ठरलेल्या दोन जोड्यांपैकी एक असतात. ते युरोपीय किल्लीने वाचले की हीच चिन्हे उमटतात. तेलुगूचा पहिला बाइट तोच, दुसरा वेगळा. तेथे तिरक्या रेघेच्या ‘ए’मागे अंशाचे किंवा अधिक-उण्याचे चिन्ह येते. उर्दूला दोनच बाइट लागतात आणि तिच्यात आडवा छेद दिलेला ‘ओ’ वारंवार दिसतो. मलकपेठेतल्या दुकानाची त्रैभाषिक पाटी अशी बिघडली, तरी कोणती ओळ कोणत्या भाषेची हे सरावलेला माणूस ओळखू शकतो. हस्तलिखितांतले पाठभेद लावताना लेखनिकाच्या चुकीचा जसा प्रकार ओळखतात, तसेच हे काम. किल्ली चार ठिकाणी एकच असावी लागते : फाइल सेव्ह करताना, पानाच्या आरंभी, डेटाबेसच्या तक्त्यात आणि सर्व्हर-डेटाबेस यांच्या जोडणीत. चौथे ठिकाण बहुतेक जण विसरतात.

एकाच शब्दाचे दोन लेखी अवतार ही अडचण आपल्या भाषेची खास. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून ते लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखीच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. जुन्या पद्धतीने नोंदलेला ‘ॲड.’ नव्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत अर्थ बदलणारा तो अर्धा ‘र’ही दोन रीतींनी लिहिता येतो. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या जोड्या एक करत नाही. मजकूर आत येतानाच एक रूप ठरवून बाकीची त्यात बदलून घ्यावी लागतात, आणि कोणते रूप ठेवायचे हे मराठीच्या माणसाने सांगायचे असते.

क्रमाचेही असेच. युनिकोडने देवनागरीची मांडणी भारतीय ‘इस्की’ संकेतावरून घेतली. तीत ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसला आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तर ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात. जावास्क्रिप्टला नुसते ‘क्रम लाव’ म्हटले तर ती आकड्यांप्रमाणे लावते. मराठीचा क्रम हवा असे तिला वेगळे सांगावे लागते. डेटाबेसला सांगायची रीत निराळी. एका ठिकाणी सांगितले आणि दुसऱ्या ठिकाणी विसरले, तर यादी पहिल्यांदा एका क्रमाने येते आणि शीर्षकावर टिचकी मारताच दुसऱ्या. पानाची भाषा ‘हिंदी’ न लिहिता ‘मराठी’ लिहावी, हे जाता जाता सांगते. ज्या फाँटांत सोय आहे तेथे मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यामुळेच उमटतात. ती वळणे महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात नक्की केलेली आहेत.

हे सारे एका कामात एकदम समोर आले. शहरातल्या एका जुन्या मराठी ग्रंथसंग्रहाची यादी संकेतस्थळावर घालायची होती. काम एका व्यावसायिकाला दिले होते. त्याने यादी चढवली आणि पुढे तो भेटेनासा झाला. काही वर्षांनी पाहिले तर निम्म्या नोंदींत वर सांगितलेला तिरक्या रेघेचा ‘ए’ होता आणि उरलेल्या नोंदींत नुसती प्रश्नचिन्हे. संग्रहाच्या कार्यकर्त्यांना दोन्ही सारखीच बिघडलेली वाटली. तशी ती नव्हती.

मायएसक्यूएल हा डेटाबेस २०१८च्या आठव्या आवृत्तीपूर्वी, वेगळे न सांगितल्यास, युरोपीय किल्ली धरून चाले आणि क्रम स्वीडिश भाषेचा लावी. त्याची मूळ कंपनी स्वीडनची, म्हणून. हैदराबादेतल्या मराठी पुस्तकांना स्वीडिश क्रम कसा, हे मुलांना सांगताना मला दर वेळी हसू येते. तर ‘ए’वाल्या नोंदींत बाइट शाबूत होते, किल्ली तेवढी चुकलेली, उलटे रूपांतर करताच पुस्तकांची नावे परत आली. प्रश्नचिन्हांचे दोन प्रकार निघाले. काही फक्त दाखवताना उमटत होती, कारण जोडणीची किल्ली चुकली होती. आत मजकूर ठीक होता. पण काही नोंदी एका कष्टाळू कार्यकर्त्याने दुरुस्तीसाठी उघडल्या होत्या, चौकटींत प्रश्नचिन्हे असतानाच पुस्तकाचा क्रमांक नीट केला होता आणि ‘सेव्ह’ दाबले होते. त्या क्षणी ती प्रश्नचिन्हेच खरा मजकूर झाली. तेथे परत आणण्यासारखे काही उरले नाही.

त्या नोंदी आता माझे तीन विद्यार्थी शनिवारी जाऊन कपाटांतून पुस्तके काढून पुन्हा टंकतात. नव्या पानावर त्यांनी एक नियम बसवला आहे : कोणत्याही चौकटीत सलग तीन प्रश्नचिन्हे असतील, तर सर्व्हर ती नोंद साठवत नाही. जी पुस्तके कपाटात नाहीत, त्यांची नावे संग्रहाच्या शाईने लिहिलेल्या दाखल-वहीतून घेतात. वहीची पहिली काही पाने कसरीने खाल्लेली आहेत. त्या पानांवरची जी पुस्तके कपाटातही नाहीत, त्यांच्यासमोर सध्या फक्त दाखल क्रमांक आहे.