चित्र धाडण्यापूर्वी

माझे शिक्षण बेताचे. जे सांगतो ते निघोजे येथील कारखान्यांच्या फाटकांवर शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या द्वारसभेचे छायाचित्र मी जसेच्या तसे समाजमाध्यमांवर धाडले. फलकावरची मागणी कोणाला वाचता आली नाही. पुढे बसलेल्या एका कंत्राटी पोराचा चेहरा मात्र ठेकेदाराने बरोबर ओळखला. त्याचा गेटपास बंद झाला.

असे का व्हावे? मोबाइलमधील चित्र बहुधा ‘जेपेग’ पद्धतीचे असते. १९९२ साली प्रमाण ठरलेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देते. व्हॉट्सअॅपवरून जाताना चित्र आणखी दाबले जाते. मोठा चेहरा टिकतो, बारीक अक्षर पुसट होते.

म्हणून काहीजण चित्र ‘डॉक्युमेंट’ करून पाठवतात. अक्षर शाबूत राहते खरे. पण चित्राच्या पोटातली वेळेची नोंद, आणि लोकेशन चालू असल्यास जागेचे अक्षांश-रेखांशही सोबत जातात! तेव्हा मूळ चित्र जपून ठेवावे, पुढे न्यायालयात लागते. प्रत काढून तीतली नोंद पुसावी, चेहरे नुसते धूसर न करता रंगाने पुरते झाकावेत, फलक मोठा दिसेल असे कातरावे.

चलचित्रालाही हेच लागू. ते एमपी४ स्वरूपात, उभे, १०८० बाय १९२० ठिपक्यांचे असावे. खाली मराठी मजकूर द्यावा, कारण कंपनीच्या बसमध्ये आवाज बंद ठेवूनच पाहतात. आवाजावरूनही माणूस ओळखू येतो, हे ध्यानात घ्यावे.

ते छायाचित्र मी पुढे काढून टाकले. इतरांच्या मोबाइलवर ते अजून आहे.