कुंभारणीच्या मडक्यातला दोरा

शब्बाथशाळेत मुंगीची गोष्ट ऐकली नाही असं मूल मला अजून भेटलेलं नाही. शलमोन राजाने आळशी माणसाला मुंगीकडे शिकायला पाठवलं, आणि तेव्हापासून आळशी मुलांना तिच्या नावाने बोलणी बसतात. मुंगीचा मान मुंगीला द्यायलाच हवा. युरोपातल्या थंड मुलखातले विद्वान पुष्कळ वर्षं म्हणत होते की मुंग्या धान्य साठवतच नाहीत. त्यांच्या मते शलमोनाने तिचे पांढरे कोष पाहिले आणि तो ते दाणे समजून बसला. त्यांच्या गावच्या मुंग्या साठवत नव्हत्या, एवढंच त्याचं कारण.

पण १८२९ साली आपल्या पुण्यात कर्नल साइक्स नावाचे इंग्रज अधिकारी सकाळी फिरायला निघाले होते. परेडच्या मैदानाजवळ त्यांना गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले, मूठमूठभर. वाकून बघतात तर शेकडो मुंग्या बिळातून एकेक बी वर आणत होत्या. पावसात कोठार भिजलं होतं आणि मुंग्यांनी वाळवण घातलं होतं! पुढे १८७३ साली मॉग्रिज या निसर्ग-अभ्यासकाने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मुंग्यांची कोठारं उघडून पाहिली आणि सगळं पुस्तकात मांडलं. शलमोन खरा ठरला.

आता मला सांगा पोरांनो, त्या बिया पेरल्या कोणी? मुंगीने नांगर धरला नव्हता, पाणी दिलं नव्हतं, राखण केली नव्हती. गवत उगवलं, पिकलं, झडलं, आणि मग मुंगी कामाला लागली. कष्ट तिचे खरे, पण कष्टाच्या आधी तिच्यापुढे काहीतरी येऊन पडलं होतं. पौलाने इफिसकरांना लिहिताना नेमका हाच क्रम लावून दिला आहे. तारण कृपेने, दान म्हणून. सत्कृत्यं त्याच्या मागून. आम्ही मोठी माणसं मुलांना हा क्रम उलटा शिकवतो. नीट वागलास तर देव तुझ्यावर प्रेम करील, असं आपल्या तोंडून निघून जातं. शास्त्र तसं म्हणत नाही, आणि परसातले किडेही तसं म्हणत नाहीत. म्हणून आज मुंगीला जरा विश्रांती देऊ आणि ज्यांना शब्बाथशाळेत कोणी बोलावत नाही त्यांच्याकडे जाऊ.

मृगाचा किडा तुम्ही पाहिला आहे. आमच्या नगरकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या माना वर असतात. मृग लागला का, बरसला का, पेरणी कधी? मग एका रात्री पाऊस येतो आणि सकाळी ओल्या मातीवर लाल मखमलीचे थेंब चालायला लागतात. बोट लावलंत तर पाय पोटाशी घेऊन गप्प बसतो. थोडा धीर धरा, पुन्हा चालू लागेल. तेवढ्यात पाय मोजा. आठ भरतील. म्हणजे नावाने किडा असला तरी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय. हा कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला. गंमत अशी की अंड्यातून निघतो तेव्हा त्याला सहाच पाय असतात. तेव्हा तो नाकतोड्यासारख्या एखाद्या कीटकाला चिकटून त्याच्यावर जगतो, आणि मोठा होताना आणखी दोन पाय कमावतो. ती लाल मखमल म्हणजे पक्ष्यांना दिलेली सूचना आहे: मला चव नाही, चोच लावू नका.

वर्षातला बराच काळ हा जीव मातीत निपचित पडून असतो. पाऊस आणणं त्याच्या हातात नाही. तो विहीर खणू शकत नाही, ढगाला हाक मारू शकत नाही. पाऊस आला की बाहेर येतो, खातो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि पुन्हा मातीत जातो. त्याचं सगळं जगणं वरून पडलेल्या पाण्यावर उभं आहे. डोंगरावरच्या उपदेशात प्रभू म्हणतो की बापाचा पाऊस भल्याच्या शेतावर पडतो तसाच बुऱ्याच्याही शेतावर पडतो. नगरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ज्याने बांध कोरला त्याच्याही रानात पाऊस पडतो आणि ज्याचा बांध कोरला गेला त्याच्याही. राग येतो कधीकधी. पण पाऊस जर पात्रता बघून पडायला लागला, तर माझं अंगण ओलं होईल याची मला खात्री देता येणार नाही.

मातीत हात घातलाच आहे तर गांडुळाला भेटू. डोळे नाहीत, कान नाहीत, फुप्फुसं नाहीत. ओल्या कातडीनेच श्वास घेतं. इंग्लंडात सेलबोर्न गावी गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाळक होते. १७८९ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्यात त्यांनी लिहिलं की गांडूळ दिसायला तुच्छ असलं तरी ते नसेल तर जमीन घट्ट, थंड आणि नापीक होईल. लोकांनी ऐकून सोडून दिलं. पुढे चार्ल्स डार्विनला त्याच्या मामाने एक शेत दाखवलं. तिथे काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना आणि राख आता कित्येक इंच खाली गेली होती. कोणी पुरली? कोणीच नाही. गांडुळांनी रात्रंदिवस खालची माती वर आणून टाकली होती.

डार्विन या एका प्रश्नामागे चाळीसहून अधिक वर्षं होता. घरात कुंड्यांत गांडुळं पाळली. त्यांच्यापुढे शिट्टी वाजवून बघितली, बॅसून नावाचं जाड आवाजाचं वाद्य वाजवून बघितलं. ती हलली नाहीत. मग कुंड्या पियानोवर ठेवल्या आणि एक खर्जातला स्वर दाबला, तशी ती झटक्यात बिळात शिरली. ऐकू येत नाही, पण थरथर अंगाला कळते. १८८१ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने गांडुळांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने हिशोब मांडला की इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दर वर्षी दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. माणसाच्या हाती नांगर येण्याच्या कितीतरी आधीपासून जमीन नांगरली जात होती. शेतकरी पहाटे उठतो तेव्हा त्याच्या आधीच कोणीतरी काम करून ठेवलेलं असतं, आणि ते करणाऱ्याला मजुरी मागायला तोंडही नसतं.

बाविसाव्या स्तोत्रात दुःखाने पिचलेला माणूस स्वतःला किडा म्हणवून घेतो. आणि वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी जो आक्रोश आला तो त्याच स्तोत्राच्या आरंभाचा आहे. देवाचा पुत्र इतका खाली उतरला. शुभवर्तमानात लहान जिवाची किंमत कशी होते, तेही बघा. मत्तय सांगतो, एका दमडीला दोन चिमण्या मिळत. म्हणजे दोन दमड्यांना चार. पण लूक म्हणतो, दोन दमड्यांना पाच. पाचवी विकणाऱ्याने वर घातलेली, तिचा भाव शून्य. प्रभू बोट ठेवतो ते नेमकं इथे: त्या पाचातली एकही देवाच्या विस्मरणात गेलेली नाही.

आता तुमच्या खिडकीच्या चौकटीवर चला. तिथे मातीचं एक इवलंसं मडकं चिकटलेलं आहे, गळा आणि काठासकट. ते कुंभारीण माशीचं. लांबट, ओबडधोबड लिंपलेले गोळे दिसले तर ते तिच्या चुलतबहिणीचे. ती आत कोळी भरते. आपली ही मडकेवाली अळ्या भरते. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आणायची, जबड्याने पसरायची, पुन्हा उडायचं. मडकं झालं की आत एक अंडं, मग नांगीने लुळ्या केलेल्या अळ्या, आणि शेवटी तोंडावर मातीचं झाकण. ती निघून जाते. लेकराचं तोंड तिला कधी दिसत नाही.

कीर्तनात तुम्ही ऐकलं असेल की कुंभारीण अळीला कोंडते आणि तिच्या धाकाने तिचंच ध्यान करता करता अळी शेवटी कुंभारीण होते. संतांनी हा दृष्टांत मोठ्या भक्तीने सांगितला आणि त्यामागे खरं निरीक्षणही होतं: आत गेली अळी, बाहेर आली कुंभारीण. मधे काय घडलं ते मडकं फोडून पाहिलं फ्रान्सच्या फाब्र यांनी. गरिबीत वाढलेला शाळामास्तर, आयुष्यभर उन्हात पालथं पडून किडे बघणारा. त्यांना दिसलं की अळ्या मेलेल्या नसतात, लुळ्या असतात. मधूनच वळवळतात. त्यांच्यात नाजूक अंडं ठेवलं तर चिरडून जाईल. मग अंडं कुठे होतं? मडक्याच्या छताला, एका बारीक दोऱ्याने टांगलेलं. अंड्यातून पिल्लू निघतं ते वरूनच डोकं खाली करून पहिला घास घेतं. खाली वळवळ वाढली की अंड्याच्या सालीच्या नळीतून पुन्हा वर सरकतं. अंगात बळ आलं की मग खाली उतरतं.

त्या पिल्लाने संकट अजून पाहिलेलंही नसतं, तेव्हा दोरा बांधून झालेला असतो. मला कृपेबद्दल कोणी विचारलं की मी हा दोरा सांगतो.

इथे धाकट्या नातीने मला अडवलं. "आजोबा, पण त्या अळीचं काय?"

बरोबर विचारलंस बाळा. हा प्रश्न डार्विनलाही छळत होता. तरुणपणी तो पाळक व्हायला शिकत होता. १८६० साली एका मित्राला त्याने लिहिलं की दयाळू देवाने असल्या माश्या मुद्दाम घडवल्या असतील हे त्याच्या मनाला पटत नाही. कुंभारीण अळ्या आटोक्यात ठेवते, आपला भाजीपाला वाचवते, हे खरं आहे. पण अळीच्या बाजूने ते उत्तर नव्हे. पौल रोमकरांना लिहितो की सगळी सृष्टी कण्हते आहे. ते कण्हणं त्या मडक्यातही आहे आणि मी ते तुमच्यापासून झाकून ठेवणार नाही.

एवढं मात्र मला स्वच्छ दिसतं. बागेत एक जीव जगतो तो दुसऱ्याच्या जिवावर, आणि देणाऱ्याला कोणी विचारत नाही. अळीने स्वतःला दिलं नाही, तिला उचलून आणलं. प्रभू येशू योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो की माझा प्राण कोणी हिसकावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. बागेत बलवान दुर्बळाला खातो. वधस्तंभावर बलवानाने दुर्बळांसाठी स्वतःला दिलं. बाग इथवरच आणून सोडते. पुढचं शुभवर्तमानातच वाचावं लागतं. दोऱ्यावरून देवाचा हात ओळखू येतो, पण हृदय ओळखायचं तर कालवरीलाच जायला हवं.

तर पुढच्या मृगात काड्यापेट्या घरी ठेवा. मृगाचा किडा पेटीत कोंडला की मरतो. त्याला हातावर चालू द्या आणि होता तिथे सोडा. कुंडीत गांडूळ दिसलं तर उन्हात टाकू नका. आणि नाताळच्या रंगरंगोटीआधी चौकटीवरचं मडकं नीट पाहून घ्या. झाकण शाबूत असेल तर आत कोणीतरी आहे, तेवढी जागा सोडून रंग द्या. भोक पडलेलं दिसलं तर आतली कुंभारीण उडून गेली. मग खुशाल खरवडा.