क्लाउडमधील मोठ्या फाइलींचे आंशिक वाचन व ब्लॉक कॅश : मालाड खाडीच्या उपग्रह-प्रतिमांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुंबई उपनगरात मालाडच्या पश्चिमेस मालाड व मनोरी या खाड्यांच्या काठाने तिवरांची वने आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाद्वारे तिवरांच्या तोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालाने ती कायम केली. हे क्षेत्र वाढते की घटते, हे पाहण्यास उपग्रह-प्रतिमा उपयुक्त ठरतात. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ मध्ये सोडण्यात आला. त्याच्या प्रतिमा विनामूल्य असल्याने सामान्य महाविद्यालयासही हा अभ्यास शक्य आहे. अडचण आहे ती फाइलींच्या आकाराची. त्यावरील उपायाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
सेंटिनेल-२ च्या १० मीटर विभेदनाच्या एका पट्ट्यात १०,९८० × १०,९८० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला २ बाइट धरल्यास संकोचनापूर्वी हा आकार सुमारे २४ कोटी बाइट होतो. वनस्पतींच्या अभ्यासासाठी लाल व निकट-अवरक्त असे दोन पट्टे लागतात. १२ तारखांची तुलना करावयाची झाल्यास २४ फाइली, म्हणजे जवळपास ५८० कोटी बाइट होतात. याउलट खाडीभोवतालचा ५ × ५ किलोमीटरचा भाग केवळ ५०० × ५०० पिक्सेलचा, म्हणजे एका फाइलीच्या सुमारे ०.२ टक्के असतो. एवढ्यासाठी संपूर्ण फाइल उतरवून घेणे म्हणजे एका संदर्भासाठी सारे ग्रंथालय घरी आणणे होय.

आंशिक वाचन :
एचटीटीपी या संदेशवहन-नियमावलीत ‘रेंज’ या सूचनेद्वारे फाइलीतील ठरावीक बाइटच मागता येतात. सर्व्हर तेवढाच भाग २०६ या संकेतांकासह पाठवितो. मात्र हवा तो भाग फाइलीत कोठे आहे, हे आधी कळावे लागते. २०२३ मध्ये प्रमाणित झालेल्या क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ या रचनेत प्रतिमेचे चौकोनी तुकडे पाडून त्यांची अनुक्रमणिका फाइलीच्या आरंभी ठेवलेली असते. तुकडा ५१२ × ५१२ पिक्सेलचा धरल्यास मालाडचा भाग फार तर ४ तुकड्यांत सामावतो. त्यांचे आकारमान संकोचनापूर्वी सुमारे २१ लाख बाइट, म्हणजे संपूर्ण फाइलीच्या एक टक्क्याहूनही कमी भरते.

ब्लॉक कॅशचे कार्य :
प्रत्येक मागणीस जाण्यायेण्याचा वेळ लागतो. वाचन करणारी प्रणाली म्हणून फाइलीचे समान ब्लॉक कल्पून, हव्या असलेल्या बाइटांऐवजी ते ज्या ब्लॉकमध्ये आहेत तो संपूर्ण ब्लॉक आणते व स्मृतीत जपून ठेवते. तोच भाग पुन्हा लागल्यास सर्व्हरकडे जावे लागत नाही. जीडॅल या मुक्त प्रणालीत असा ब्लॉक मुळात १६ किलोबाइटचा व कॅश १६ मेगाबाइटची असते. वरील ४ तुकडे असंकोचित असल्यास त्यांचे १२८ ब्लॉक होतात. प्रत्येक ब्लॉक स्वतंत्रपणे, एकामागून एक मागविला व प्रत्येक फेरीस पाव सेकंद लागला, असे मानल्यास केवळ प्रतीक्षेत ३२ सेकंद जातील. वाचन सलग आहे असे दिसताच जीडॅल मागणीचा आकार टप्प्याटप्प्याने वाढविते, ते यासाठीच. ब्लॉक फार मोठा ठेवल्यास मात्र अनावश्यक मजकूर येतो.

मर्यादा व दक्षता :
कॅश भरल्यावर जो ब्लॉक सर्वाधिक काळ वापरला गेला नाही, तो प्रथम काढला जातो. येथे एक सापळा आहे. असंकोचित स्वरूपात एका तारखेच्या दोन पट्ट्यांना ४ मेगाबाइट लागतात. म्हणजे १६ मेगाबाइटमध्ये चारच तारखा मावतात. विद्यार्थ्याने १२ तारखा क्रमाने वाचून पुन्हा पहिलीपासून आरंभ केल्यास हवा असलेला ब्लॉक प्रत्येक वेळी नुकताच काढून टाकलेला आढळेल आणि कॅश असूनही तिचा काहीच लाभ होणार नाही. अशा वेळी कॅश ६४ मेगाबाइट करावी किंवा एका तारखेचे सर्व काम पूर्ण करून मगच पुढील तारीख घ्यावी. दुसरे असे की, ही कॅश त्या त्या संगणकाच्या स्मृतीत असते व कार्यक्रम बंद होताच नष्ट होते. प्रयोगशाळेतील वीस संगणकांनी तोच भाग वीस वेळा आणण्यापेक्षा सामाईक डिस्कवर ब्लॉक साठविणे हितावह आहे. तसे करताना ब्लॉकसोबत फाइलीची आवृत्तीखूणही नोंदवावी. अन्यथा मूळ फाइल बदलल्यास जुने व नवे ब्लॉक एकत्र येऊन निष्कर्ष चुकतील. तिवरांची न झालेली घटही झालेली भासेल.

समारोप :
आंशिक वाचनाने अनावश्यक माहितीची वाहतूक टळते, तर ब्लॉक कॅशने तिची पुनरावृत्ती टळते. परंतु कॅशचा आकार व वाचनाचा क्रम यांचा मेळ घातला तरच हा लाभ पदरात पडतो. तो घातल्यास मर्यादित इंटरनेट असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थीही आपल्या परिसरातील खाडीचा अभ्यास स्वतःच्या संगणकावर करू शकतील.